हिमावरील उडी व लहान वयांतील शिक्षण

गेल्या क्रीडास्पर्धांच्या दिवशीं लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्यापाशीं उभा असतां इयत्ता सातवींतील एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, माणसानें आजपर्यंत मारलेली सर्वांत लांब उडी किती?" मीं सांगितलें, "८.९५ मीटर. १९९१ सालीं टोकियो येथें माइक पॉवेल नांवाच्या अमेरिकन खेळाडूनें ती मारली." मुलगा समाधान पावून गेला. पण मागाहून माझ्या मनांत आलें कीं, हें उत्तर अपुरें झालें. पायांस दोन लांब फळ्या बांधून हिमाच्छादित टेकडीवरून जो घसरत येतो व हवेंत झेप घेतो, त्याचीहि ती उडीच नव्हे काय? ती हिशेबांत धरली तर २०२५ च्या मार्च महिन्यांत स्लोव्हेनियांतील प्लानित्सा येथें डोमेन प्रेव्हत्स यानें २५४.५ मीटर अंतर काटलें. आणि त्याच महिन्यांत नॉर्वेंतील विकरसुंड येथें त्याची धाकटी बहीण निका हिनें २३६ मीटर. दोघें एकाच घरांतील भावंडें. त्या विद्यार्थ्यास तेव्हां जें सांगावयाचें राहिलें तें येथें सांगतों.

हे आंकडे वाचून एखादे पालक म्हणतील कीं, अशा खेळाच्या वाटेस कोणता शहाणा बाप आपल्या मुलास जाऊं देईल? प्रश्न रास्त आहे. नॉर्वे, फिनलंड, ऑस्ट्रिया, जपान येथील आईबापांच्याहि मनांत तो येतच असला पाहिजे. त्यांच्या देशांनीं त्याचें उत्तर धाडसाची स्तुति करून दिलेलें नाहीं. शिकविण्याची एक रीत दोन-तीन पिढ्या खपून बसविली, आणि ती बसवितांना चुकाहि केल्या. त्या चुका मला त्या रीतीइतक्याच महत्त्वाच्या वाटतात.

प्रथम टेकडीची रचना समजून घेऊं. वरच्या अंगास एक लांब, अरुंद, उतरती वाट असते व तिच्यांत दोन फळ्यांसाठीं दोन खोबणी असतात. या फळ्यांस स्की म्हणतात. उडी मारणारा छाती मांड्यांवर टेंकून, हात मागें धरून त्या वाटेनें घसरत येतो. मोठ्या टेकडीवर वाटेच्या शेवटीं त्याचा वेग ताशीं सुमारें ९० किलोमीटर होतो. वाट जेथें संपते तो उड्डाणाचा ओटा. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, हा ओटा वर वळलेला असतो व तो माणसास आकाशांत फेंकतो. तसें नाहीं. ओट्याचा कल खालच्याच बाजूस, दहा-अकरा अंशांचा असतो. जी काय झेप ती खेळाडूनें आपल्या मांड्यांच्या बळानें घ्यावयाची. ओट्यापुढें टेकडी पोट फुगवून उतरत जाते, आणि हवेंतील माणसाचा मार्ग जवळजवळ तिच्याच वळणाचा असतो. म्हणून पाहणारास तो ढगांत गेल्यासारखा वाटला तरी जमिनीपासून कांहीं मीटरच वर असतो. आणि जेथें त्याचे पाय टेंकतात तेथें जमीनहि तीस-पस्तीस अंशांनीं उतरत असते. माडीवरून अंगणांत उडी टाकली तर पाय मोडेल. पण माडीपासून अंगणापर्यंत घसरगुंडी बांधली तर मूल हंसत खालीं येईल. सारी सुरक्षितता त्या उतारांत आहे. उतार संपून सपाटी जेथें लागते तेथपर्यंत जाणें हाच खरा धोका.

हें न जुमानल्याचा परिणाम १९२८ सालीं सेंट मॉरिट्सच्या ऑलिंपिकमध्यें दिसला. १९२४ सालचा विजेता नॉर्वेचा याकोब टुलिन थाम्स तेथें ७३ मीटरपर्यंत गेला व पडून जबर जखमी झाला. दोष त्याच्या कौशल्याचा नव्हता. ती टेकडी तेवढ्या उडीसाठीं बांधलेलीच नव्हती. आतां वेग जास्त होतो असें दिसतांच अधिकारी सुरुवातीची बैठकच खालीं आणतात.

गुणांची पद्धत थोडक्यांत अशी. प्रत्येक टेकडीवर एक ठराविक खूण असते. नेहमींच्या स्पर्धांच्या टेकड्यांवर तेथपर्यंत गेलेल्यास ६० गुण मिळतात. पुढच्या प्रत्येक मीटरास लहान टेकडीवर २ व मोठीवर १.८ गुण वाढतात, अलीकडे पडल्यास तितकेच कमी होतात. शिवाय पांच पंच उडीच्या डौलाबद्दल प्रत्येकीं २० पर्यंत गुण देतात व त्यांपैकीं सर्वांत अधिक आणि सर्वांत कमी असे दोन सोडून देतात. २००९ नंतर वारा व सुरुवातीची जागा यांचाहि हिशेब होऊं लागला. म्हणजे नुसता लांब गेलेला जिंकेलच असें नाहीं. उतरतांना एक पाय पुढें, एक मागें, गुडघे वांकलेले व हात पसरलेले अशी मुद्रा साधली पाहिजे. या मुद्रेस नॉर्वेंतील एका जिल्ह्यावरून टेलेमार्क म्हणतात.

त्या जिल्ह्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८०८ सालीं ओलाफ रुए या लष्करी अधिकाऱ्यानें सैनिकांसमोर ९.५ मीटर उडी मारून दाखविली, ही मोजलेली पहिली उडी मानतात. ती माइक पॉवेलच्या उडीहून थोडीच मोठी होती! पण खेळास खरें वळण लावलें तें टेलेमार्कमधील मोर्गेदाल गांवच्या सोन्द्रे नोर्हाइम यानें. त्याचा जन्म १८२५ चा. दुसऱ्याच्या शेतावर राहून कष्ट करणारा हा गरीब कूळ-माणूस. तोंवर स्की केवळ पायाच्या पुढल्या भागाशीं अडकविलेली असे. हवेंत ती निसटे. नोर्हाइमनें झाडाच्या बारीक मुळ्या पिळून त्यांचा पट्टा टांचेमागून घेतला. एवढ्याशा युक्तीनें पाय व फळी एकजीव झालीं, आणि हवेंत वळणें, तोल सावरणें शक्य झालें. १८६८ सालीं चाळिशी उलटलेला हा मनुष्य राजधानींतील स्पर्धेंत पहिला आला. पुढें पोटासाठीं तो १८८४ मध्यें अमेरिकेस गेला व तेथेंच १८९७ मध्यें वारला. त्याला कोणी गुरु नव्हता, शाळा नव्हती. घरामागचा उतार होता व त्यावर रोज खेळणारीं गांवचीं मुलें होतीं.

मला वाटतें, या खेळांत मोठीं माणसें कोठून निघतात याचें पुढेंहि हेंच उत्तर राहिलें. कॉंग्सबर्ग हें नॉर्वेंतील चांदीच्या खाणींचें गांव. तेथील रूड कुटुंबांत सिगमुंड, बिर्गर व आसब्योर्न असे तीन भाऊ होते. सिगमुंडनें १९२८ सालीं ऑलिंपिकमध्यें दुसरा क्रमांक मिळविला. बिर्गर १९३२ व १९३६ सालीं पहिला आला. आसब्योर्न १९३८ मध्यें अठराव्या वर्षीं जगज्जेता झाला. त्या काळीं कमरेंत वांकून, हात पुढें पसरून उडण्याची जी ढब सर्वत्र चालली ती कॉंग्सबर्गच्या नांवानेंच ओळखली जाते. नंतर महायुद्ध आलें. जर्मनांनीं नॉर्वे व्यापिला असतां बिर्गरनें त्यांच्या खेळसंस्थांशीं सहकार्य करण्याचें नाकारलें व १९४३-४४ मध्यें ग्रिनीच्या छावणींत बंदिवास भोगला. १९४८ सालीं तो सेंट मॉरिट्सला गेला तो मार्गदर्शक म्हणून. हवा वाईट आहे व अनुभवी माणसाची गरज आहे असें पाहून छत्तिसाव्या वर्षीं त्यानें स्वतः स्की बांधल्या आणि दुसरा आला. पहिला आलेला पेटर हुगस्टेड हाहि कॉंग्सबर्गचाच! एका लहानशा गांवांतून एवढे खेळाडू निघावेत याचें कारण हवेंत वा रक्तांत शोधूं नये. तेथें मुलांच्या पायांखालीं टेकडी होती, आणि ज्याच्याकडे पाहून शिकावें असा कोणी तरी मोठा भाऊ रोज त्याच टेकडीवर असे.

आतां प्रत्यक्ष शिकविण्याकडे वळूं. मूल साधारण पांच-सात वर्षांचें झालें म्हणजे आरंभ करितात. पण उडीचा नव्हे. पहिला धडा घसरण्याचा, वळण्याचा, थांबण्याचा आणि पडण्याचा. होय, पडण्याचा! पडतांना अंग सैल सोडून कुशीवर यावें, हात खालीं रोंवूं नयेत, हें ज्यास आधीं समजलें त्याच्या मनांतील अर्धी भीति गेली. नंतर उतारावर हिमाचा एक लहान उंचवटा करितात. मूल त्यावरून जातें व क्षणभर त्याच्या फळ्या जमीन सोडतात. दोन मीटर, तीन मीटर. आमच्या वाळूच्या खड्ड्यांत यापेक्षां लांब उड्या रोज पडतात. मग दहा-पंधरा मीटरांची टेकडी, मग वीस-तीस, मग चाळीस-साठ. आणि प्रौढांच्या लहान टेकडीवर, म्हणजे नव्वद-शंभर मीटरांवर, मूल पोंचेपर्यंत त्याचें वय तेरा-चौदाच्या पुढें गेलेलें असतें. प्लानित्सा येथें मुलांच्या चिमुकल्या टेकडीपासून २४० मीटरांच्या प्रचंड टेकडीपर्यंत आठ टेकड्या एकाच दरींत एकमेकींशेजारीं आहेत. लहान मुलास आपली पुढची पायरी रोज डोळ्यांसमोर दिसते. पण वरच्या पायरीवर कधीं जावयाचें तें शिक्षकानें ठरवावयाचें.

एक गोष्ट येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. दहा मीटरांच्या टेकडीवर मूल जें करितें तेंच प्रेव्हत्स अडीचशें मीटरांवर करितो. तीच बैठक, तीच झेप, तेंच उतरणें. फक्त वेग व काळ वाढतो. म्हणून लहान टेकडीवर बसलेली वाईट खोड मोठीवर जाऊन सुटत नाहीं, उलट अक्राळविक्राळ होते. उदाहरणार्थ, भीतीमुळें मूल ओट्यावर डोकें वर उचलतें. डोकें उठलें कीं छाती उठते, छातीवर वारा आदळतो आणि वेग मरतो. झेप घेण्यास सेकंदाच्या सुमारें तिसऱ्या हिश्श्याएवढाच वेळ असतो. ती लवकर घेतली तर ओट्याच्या कडेस पोंचण्यापूर्वींच बळ संपतें. उशिरां घेतली तर पायांखालीं ओटाच नसतो, आणि सारें बळ हवेंत वायां जातें. हा क्षण पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं. त्यासाठीं व्यायामशाळेंत एक सुंदर अभ्यास करवितात. विद्यार्थी बाकावर किंवा चाकांच्या पाटावर उड्डाणाच्या बैठकींत बसतो, एकदम झेप घेतो, आणि समोर उभा असलेला शिक्षक त्याला कमरेशीं झेलून डोक्यावर आडवा तोलून धरतो. हें दिवसांतून अनेक वेळां, वर्षांनुवर्षें चालतें. मोठे विजेतेहि हा अभ्यास सोडीत नाहींत. ज्या मुलाला शिक्षकानें हजार वेळां हवेंत झेललें आहे, तें मूल टेकडीवर एकटें असतांनाहि त्या हातांवर विसंबून झेप घेतें, असें मला वाटतें.

हिमाचा हंगाम लहान असतो. त्यावर १९५४ सालीं पूर्व जर्मनींतील हान्स रेनर या मार्गदर्शकानें ओबरहोफ येथें उपाय काढला. प्लॅस्टिकच्या तंतूंचे गालिचे टेकडीवर अंथरून व ते पाण्यानें भिजवून त्यावर उन्हाळ्यांतहि उड्या मारतां येऊं लागल्या. तेव्हांपासून या खेळाचें शिक्षण बारमाही झालें. याचा तोटाहि झालाच. पूर्वी निसर्ग मुलांना आठ महिने विसांवा देत असे, तो आतां मोठ्या माणसांनीं आठवणीनें द्यावा लागतो.

यापुढें नाजूक भाग येतो. १९८० नंतरच्या दशकांत स्वीडनच्या यान बोक्लोव्ह यानें हवेंत स्की समांतर न ठेवतां त्यांचीं पुढचीं टोकें फांकविण्यास आरंभ केला. शरीराखालीं हवेला अधिक पृष्ठभाग मिळून तो दूर जाऊं लागला. पंच मात्र डौल बिघडला म्हणून त्याचे गुण कापीत. तरीहि १९८८-८९ चा जागतिक चषक त्यानेंच जिंकला. सवयी पक्क्या झालेल्या जुन्या खेळाडूंना ही ढब फार जड गेली. कोंवळ्या मुलांनीं ती भराभर उचलली. १९९२ च्या ऑलिंपिकमध्यें फिनलंडचा टोनी निएमिनेन मोठ्या टेकडीवर पहिला आला तेव्हां तो अवघा सोळा वर्षांचा होता. सांघिक सुवर्णपदक निराळें. साऱ्या जगानें त्याला डोक्यावर घेतलें. १९९४ मध्यें प्लानित्सा येथें २०० मीटरांपलीकडे जाऊन नीट उतरणारा पहिला मनुष्यहि तोच. पण ऑलिंपिकचें एकहि पदक त्याला पुन्हां मिळालें नाहीं. सोळाव्या वर्षींचें शरीर हें उसनें असतें. पुढें उंची वाढते, वजन वाढतें, तोलाचा बिंदु हलतो. काल जी झेप आपोआप साधत होती ती आज साधेनाशी होते, आणि काय चुकतें हें मुलाला सांगतां येत नाहीं. अशा वेळीं भोंवतालचे लोक जर केवळ निकाल विचारणारे असतील तर त्या मुलानें कोणाकडे पाहावें?

त्याच १९९२ च्या ऑलिंपिकमध्यें जपानचा नोरिआकि कासाइ हा एकोणीस वर्षांचा मुलगा होता. त्याला तेव्हां पदक मिळालें नाहीं. तो पुन्हां आला, पुन्हां पुन्हां आला, आणि २०१४ सालीं सोची येथें एकेचाळिसाव्या वर्षीं मोठ्या टेकडीवर त्यानें रौप्यपदक मिळविलें. २०१८ पर्यंत तो आठ हिंवाळी ऑलिंपिकांत उतरला. दोघांत अधिक गुणी कोण, हा वाद मी घालीत नाहीं. परंतु सोळाव्या वर्षींचा निकाल पाहून जो भविष्य वर्तवितो त्यानें हीं दोन नांवें शेजारीं लिहून ठेवावीं. प्रेव्हत्सचेंहि तसेंच. डोमेननें २०१६ सालीं सतराव्या वर्षीं जागतिक चषकाची पहिली स्पर्धा जिंकली. पुढचे कित्येक हंगाम चढउतारांत गेले. २०२५ मध्यें तो मोठ्या टेकडीवर जगज्जेता झाला. त्याचा वडील भाऊ पेटर २०१५ मध्यें २५० मीटर गांठणारा जगांतील पहिला खेळाडू. वडील याच खेळाचे पंच. त्या घरांत पडती बाजू म्हणजे काय हें कोणास समजावून सांगावें लागलें नसेल.

दुसरी चूक अन्नाची. हलकें शरीर हवेंत दूर जातें, हें गणित मुलांनाहि कळतें. १९९० नंतर कित्येक खेळाडू स्वतःला उपाशी ठेवूं लागले. गाल बसलेले, हात काटक्यांसारखे. मार्गदर्शक पाहत होते, निकाल चांगले येत होते. शेवटीं आंतरराष्ट्रीय संघटनेनें २००४ च्या हंगामापासून नियम केला कीं, उंचीच्या मानानें ज्याचें वजन ठराविक मर्यादेखालीं जाईल त्यानें आंखूड स्की वापरावी. आंखूड फळीवर हवेचा आधार कमी, म्हणजे उपाशी राहण्यांतला लाभ तेवढा गेला. उपदेशानें जें झालें नाहीं तें मोजपट्टीनें पुष्कळसें झालें. मात्र नियम येईपर्यंत वाट पाहावी लागली, ही त्या खेळाच्या वडीलधाऱ्यांना भूषणास्पद गोष्ट नव्हे. जर्मनीच्या स्वेन हानावाल्डनें २००१-०२ मध्यें चार टेकड्यांच्या प्रसिद्ध मालिकेंतील चारहि स्पर्धा जिंकल्या. पूर्वी कोणीं तसें केलें नव्हतें. दोनच वर्षांनीं तो मनानें व शरीरानें इतका थकला कीं त्याला उपचार घ्यावे लागले, आणि २००५ मध्यें त्यानें खेळ सोडला. आपलें हें आजारपण त्यानें पुढें उघडपणें सांगितलें, हें त्याचे उपकारच समजावे.

तिसरी चूक मुलींच्या बाबतींत झाली, आणि ती सर्वांत लांबली. नॉर्वेंतील त्रिसिल येथें १८६२ सालीं इंग्रिड वेस्टबी या तरुणीनें लोकांसमोर उडी मारल्याची नोंद आहे. १९३८ मध्यें योहान्ने कोलस्टाड हिनें अमेरिकेंत ७२ मीटर अंतर काटलें. तरी पुरुषांसाठीं १९२४ पासून ऑलिंपिकमध्यें असलेला हा खेळ स्त्रियांना खुला नव्हता. त्यांच्या शरीरास तो मानवणार नाहीं, असा आक्षेप एकविसावें शतक उजाडल्यावरहि घेतला जाई. २००९ सालीं स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली व अमेरिकेची लिंडसी व्हॅन ती जिंकली. त्याच वर्षीं तिनें व तिच्या सोबतिणींनीं व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्यें प्रवेश मिळावा म्हणून कॅनडाच्या न्यायालयांत दाद मागितली. भेदभाव होतो हें न्यायाधीशांनीं मान्य केलें, पण आंतरराष्ट्रीय समितीवर आपला अधिकार चालत नाहीं असें सांगितलें. अखेर २०१४ मध्यें, पुरुषांनंतर ९० वर्षांनीं, दार उघडलें व जर्मनीची कारीना फोग्ट पहिली विजेती ठरली. त्या दिवशीं सर्वांच्या नजरा जपानच्या सतरा वर्षांच्या सारा ताकानाशीवर होत्या. ती चवथी आली. तिनेंहि खेळ सोडला नाहीं. २०१८ मध्यें कांस्यपदक घेतलें आणि जागतिक चषकाच्या ६० हून अधिक स्पर्धा जिंकल्या.

कासाइचें गांव शिमोकावा. होक्काइदो बेटावरील हें गांव अवघ्या तीन-साडेतीन हजार वस्तीचें आहे. गांवाला लागूनच लहानमोठ्या उड्यांच्या टेकड्या आहेत, आणि तेथून कासाइखेरीज ताकानोबु ओकाबे, दाइकि इतो व युकि इतो असे ऑलिंपिकपर्यंत पोंचलेले खेळाडू निघाले. त्यांतील युकि ही मुलगी. सातवींतल्या त्या विद्यार्थ्यानें परवां पुन्हां मला गांठलें. २५४.५ मीटरांची हकीकत ऐकून त्यानें विचारलें, "सर, पहिल्या दिवशीं तो किती लांब गेला असेल?" मीं खड्ड्याकडे बोट दाखविलें. त्यानें आपल्या पावलांनीं तो खड्डा एकदां मोजला, आणि घंटा झाली तेव्हां वर्गाकडे गेला.